पाण्यातील इंधन

गतवर्षी नववीच्या वर्गात पाण्याचे विद्युत्-पृथक्करण करून दाखवीत असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पाण्यातून जळणारा वायू निघतो, तर मग मोटारी पाण्यावर का चालत नाहीत?" वर्ग हसला, परंतु प्रश्न हसण्याजोगा नव्हता. कित्येक सुशिक्षित पालकांच्या मनातही हीच शंका असते, आणि तिचे निरसन झाल्यावाचून 'हरित हायड्रोजन' या हल्ली वारंवार कानी पडणाऱ्या शब्दांचा अर्थ उलगडत नाही.

प्रयोग साधा आहे. काचेच्या भांड्यातील पाण्यात थोडा खाण्याचा सोडा विरघळवावा (मीठ मात्र घालू नये, त्याने विषारी क्लोरीन सुटतो), आणि दोन्ही टोके तासलेल्या दोन शिसपेन्सिली त्यात उभ्या करून नऊ व्होल्टच्या बॅटरीस जोडाव्या. ऋण टोकापाशी हायड्रोजनचे व धन टोकापाशी प्राणवायूचे बुडबुडे येऊ लागतात. हायड्रोजन आकारमानाने सुमारे दुप्पट असतो. पेटती काडी जवळ नेताच फट्‌ असा आवाज होऊन तो जळतो व त्याचे पुन्हा पाणी होते. काडी लावण्याचे काम शिक्षकांनीच करावे. व्होल्टाचा विद्युत्घट नुकताच निघाला असता, १८०० साली, निकल्सन व कार्लाइल या इंग्रज गृहस्थांनी याच रीतीने पाणी दुभंगून दाखविले.

आता त्या विद्यार्थ्याचे उत्तर. पाणी हे इंधन नसून हायड्रोजन जळून उरलेली जणू राखच होय. राखेचे पुन्हा लाकूड करावयाचे, तर जळताना निघून गेलेली शक्ती परत भरावी लागणार. एक किलो हायड्रोजन मिळविण्यास नऊ किलो पाणी व प्रत्यक्ष यंत्रात पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते. त्या हायड्रोजनपासून इंधनघटात पुन्हा वीज केली, तर हाती सोळा ते वीस युनिटच येतात. पन्नास रुपये देऊन अठरा परत घेणारा व्यापार कोणता वडीलमाणूस मान्य करील? तेव्हा पाण्यावर गाडी चालविण्याचे यंत्र विकावयास कोणी दारी आला, तर पालकांनी खिशात हात घालू नये.

मग एवढा खटाटोप कशासाठी? जेथे वीज सरळ वापरता येते तेथे ती सरळच वापरावी. परंतु काही कामे केवळ विजेने होत नाहीत. शेतात पडणाऱ्या युरियासाठी अमोनिया लागतो, आणि अमोनिया म्हणजे नत्र व हायड्रोजन यांचा संयोग. खनिजातील प्राणवायू काढून लोखंड करण्यास भट्टीत कोक घालतात व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेच काम हायड्रोजनकडून करविले तर पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये २०२१ साली असे लोखंड करून दाखविण्यात आले.

आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढतात. नैसर्गिक वायूच्या रीतीत किलोमागे सुमारे दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. येथे एक फसगत संभवते. पाणी दुभंगण्यास कोळशाची वीज वापरली, तर युनिटमागे जवळजवळ एक किलो या हिशोबाने तो पन्नास किलोंवर जातो! वायूस स्वतःचा रंग नाही. 'हरित' हे विशेषण त्याच्या विजेच्या कुळाकडे पाहून लावावयाचे. ती ऊन, वारा वा वाहते पाणी यांपासून झालेली असली पाहिजे.

आपल्या देशास ही विद्या नवी नाही. १९६० नंतरच्या दशकात पंजाबातील नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेने पाणी दुभंगून खत होत असे. पुढे तो कारखाना खनिज तेलाकडे व नंतर नैसर्गिक वायूकडे वळला. जानेवारी २०२३ मध्ये भारत सरकारने मंजूर केलेल्या योजनेत २०३० पर्यंत वर्षास पन्नास लाख टन हरित हायड्रोजनचे उद्दिष्ट ठेविले आहे. त्यास लागणारी वीज विद्यार्थ्यांनी वरील आकड्यांवरून स्वतः काढून पाहावी. उत्तर पंचवीस हजार कोटी युनिटांच्या खाली येणार नाही.

हे सांगून झाल्यावर त्याच मुलाने पुन्हा हात वर केला. "सर, रात्री ऊन नसते. तेव्हा एवढे महाग यंत्र रिकामे ठेवावयाचे काय?" या वेळी वर्ग हसला नाही. रिकाम्या यंत्राचे व्याज प्रत्येक किलोवर चढते, आणि ते कसे उतरवावे याच विवंचनेत आज मोठमोठे अभियंते आहेत, एवढेच मला त्यास सांगता आले.