रद्दीतील प्रत आणि उपेक्षित कादंबरीकार : एक साधनविचार

मराठी कादंबरीच्या इतिहासाची साधने म्हणून वाङ्मयेतिहास, नियतकालिकांतील परीक्षणे आणि ग्रंथसूची यांचा निर्देश केला जातो. जुन्या पुस्तकांच्या पथारीचा निर्देश कोणी करीत नाही. तेथील शोध हा संग्राहकाचा छंद समजला जातो. वस्तुतः ज्यांच्या कादंबऱ्यांची पुनर्मुद्रणे झाली नाहीत, अशा लेखकांच्या अभ्यासाचा आरंभ पुष्कळदा तेथूनच करावा लागतो.

गीता साने (१९०७-१९९१) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 'निखळलेली हिरकणी' ही त्यांची कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. 'वठलेला वृक्ष', 'हिरवळीखाली', 'माळरानात', 'धुके आणि दहिवर' या त्यांच्या इतर कादंबऱ्या. विवाहसंस्था आणि स्त्रीचे स्वत्व यांविषयीचे प्रश्न त्यांनी निर्भीडपणे मांडले. त्यांच्या थोडे आधी आलेली विभावरी शिरूरकर यांची 'हिंदोळ्यावर' (१९३४) चर्चेत व अध्यापनात राहिली. साने यांच्या कादंबऱ्या मात्र बहुधा नामोल्लेखापुरत्या उरल्या. गुणवत्तेचा निवाडा क्षणभर बाजूला ठेवला, तरी जे पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती देता येत नाही ते अभ्यासक्रमात येत नाही, आणि जे अभ्यासक्रमात नाही त्याचे पुनर्मुद्रण होत नाही, हे दुष्टचक्र नाकारता येणार नाही.

शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला खंड (१९४३) १८०० ते १९३७ या कालखंडाचा, तर दुसरा (१९६१) १९३८ ते १९५० या कालखंडाचा आहे. या खंडांचे ऋण कोणताही अभ्यासक विसरणार नाही. परंतु सूचीत नोंद सापडणे आणि पुस्तक सापडणे यांत अंतर आहे. पुष्कळ ग्रंथालयांतील जीर्ण किंवा मागणी नसलेल्या प्रतींचे निर्लेखन होते. त्या वजनावर विकल्या जातात आणि रद्दीवाल्यामार्फत पदपथावर येतात. मुंबईत हुतात्मा चौकातील विक्रेत्यांवर महापालिकेने २००५ साली कारवाई केल्यानंतर तो बाजार पूर्वीसारखा राहिला नाही. माटुंग्यासारख्या ठिकाणी शोध घेता येतो. पण तेथेही मराठी कादंबरी इंग्रजी पुस्तकांच्या आणि क्रमिक पुस्तकांच्या ढिगाखालीच असते. ग्रंथालयातून आलेल्या प्रतीवर पुठ्ठ्याची कोरी बांधणी असते, कण्यावर लेखकाचे नाव नसते. त्यामुळे नाव वाचत पुढे सरकणाऱ्याला काही मिळत नाही. प्रत्येक प्रत उघडूनच पाहावी लागते.

अशी प्रत हाती आली की केवळ संहिता वाचून थांबणे योग्य नव्हे. शीर्षकपृष्ठामागे आवृत्ती, मुद्रणालय, किंमत यांचा तपशील असतो. शेवटच्या पानांवरील प्रकाशकाच्या जाहिरातींतून लेखकाच्या इतर पुस्तकांची नावे मिळतात. कधी ती केवळ संकल्पित असतात, म्हणून पडताळणी आवश्यक ठरते. सर्वांत मोलाची असते ती परतीच्या तारखांची चिठ्ठी. समीक्षेने दुर्लक्षिलेली कादंबरी एखाद्या तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षे वाचली जात होती काय, याचा पुरावा अन्यत्र क्वचितच मिळेल. अर्थात एका चिठ्ठीवरून वाचकवर्गाविषयी सिद्धान्त मांडणे धाडसाचे होईल.

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. दुर्मीळता म्हणजे उपेक्षा नव्हे. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांपैकी अनेकांच्या मूळ प्रती आज सहजी मिळत नाहीत, त्या कोणी वाचल्या नाहीत म्हणून नव्हे. स्वस्त कागदावरील त्या पुस्तिका हातोहात फिरून झिजून गेल्या. उलट, प्रतिष्ठित पण न वाचलेले पुस्तक पथारीवर नव्यासारखे आढळते. समीक्षकांनी उपेक्षिलेला आणि वाचकांनी उपेक्षिलेला लेखक, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'उपेक्षित' हे विशेषण आपल्याकडे फार सैलपणे वापरले जाते. प्रबंधांच्या शीर्षकांत तर विशेषच.

लेखिकांच्या बाबतीत नावाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर या एकच व्यक्ती, हे आज सर्वज्ञात आहे. परंतु ज्यांच्या टोपणनावाचा उलगडा झाला नाही अशा लेखिकांची पुस्तके सूचीत वेगवेगळ्या नोंदींखाली विखुरलेली असणे संभवते. प्रतीवरील अर्पणपत्रिका, प्रस्तावनेखालचे गाव, भेट देताना लिहिलेली ओळ, असल्या किरकोळ भासणाऱ्या खुणाच तेथे उपयोगी पडतात.

अलीकडे अनेक जुन्या ग्रंथांची संगणकीय प्रतिरूपे उपलब्ध झाली आहेत आणि त्यामुळे दूरच्या अभ्यासकाची मोठी सोय झाली आहे. तथापि प्रतिरूप ज्या प्रतीवरून घेतले, तिची मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने बांधणीच्या वेळीच गेलेली असू शकतात. विभागीय ग्रंथालयास भेट मिळालेल्या प्रतीही अजून सर्रास नव्या बांधणीसाठी पाठविल्या जातात. बांधणीकार कडा कापतो, मुखपृष्ठ टाकून देतो, तारखांची चिठ्ठी खरवडून काढतो. आणि त्याला तसे करू नको म्हणून आधी सांगणारे कोणी नसते.