शिष्यवृत्ती टेनिसची, मग अट अभ्यासाची का?

प्रश्न : माझी भाची बारावीला आहे आणि राज्य पातळीवर टेनिस खेळते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी तिला शिष्यवृत्ती देऊ केली आहे. व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "गुण कमी पडले तर तिला कोर्टवर उतरता येणार नाही." आम्ही सगळे चक्रावलो. आपल्याकडे खेळाडूला दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे वाढीव गुण मिळतात. तिकडे सगळं उलटंच दिसतंय. शिष्यवृत्ती खेळाची, मग अट अभ्यासाची का? आणि एवढा सराव करणाऱ्या मुलीनं अभ्यास करायचा तरी कधी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : 'उलटं' हा शब्द तुम्ही अगदी नेमका वापरलात. आपल्याकडे खेळलं की गुण मिळतात, तिकडे गुण मिळाले की खेळता येतं. खेळापायी अभ्यासाचं नुकसान होणारच, ते थोडं भरून द्यावं, असा आपल्या सवलतीमागचा विचार आहे. अमेरिकेतल्या नियमाला ते नुकसानच मान्य नाही. निदान कागदावर तरी. कागद आणि कोर्ट यांच्यात किती अंतर पडतं, तेही पुढे सांगतो, कारण तुमच्या भाचीला दोन्ही ठाऊक असायला हवं.

आधी 'का'. अमेरिकेत महाविद्यालयांमधली पहिली स्पर्धा 1852 मध्ये झाली, हार्वर्ड आणि येल यांच्यातली नौकांची शर्यत. पुढे फुटबॉलचं वेड वाढलं, मैदानावर मुलं दगावू लागली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातलं आणि 1906 मध्ये महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच आजची एनसीएए. 1956 पासून या संघटनेनं खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला रीतसर मुभा दिली. त्याच सुमारास कोलोरॅडोतला एक फुटबॉल खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला आणि त्याच्या पत्नीनं कामगाराच्या वारसाला मिळते तशी भरपाई मागितली. 1957 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. खेळाडू हा कॉलेजचा नोकर आहे, असं ठरू नये म्हणून संघटनेनं एक शब्द रूढ केला : 'स्टुडंट-ॲथलीट', म्हणजे विद्यार्थी-खेळाडू. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात याची कबुली दिली आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या शब्दात आहे. खेळाडू नोकर नाही, त्याला पगार नाही, त्याचा मोबदला म्हणजे शिक्षण, असं एकदा म्हटलं की ते शिक्षण खरोखर पदरात पडलं पाहिजे. बरीच वर्षं ते पडत नव्हतं. डेक्स्टर मॅनली हा वॉशिंग्टनचा नावाजलेला फुटबॉलपटू. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षं खेळून तो व्यावसायिक संघात गेला. 1989 मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यानं रडत सांगितलं, की विद्यापीठातून बाहेर पडलो तेव्हा मला वाचता येत नव्हतं. अशी किती मुलं मैदानावर टाळ्या घेऊन रिकाम्या हातानं घरी गेली असतील, या विचारानं आजही वाईट वाटतं. 1980 च्या दशकापासून नियम टप्प्याटप्प्यानं कडक होत गेले, त्यामागे अशाच कहाण्या आहेत.

आता प्रत्यक्ष नियम. एनसीएएच्या तीन श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्तीच नसते. पहिल्या श्रेणीत असूनही आयव्ही लीगची विद्यापीठं ती देत नाहीत. भाचीला देऊ केलेली जागा बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीतली असेल. पहिल्या श्रेणीसाठी नववी ते बारावीत इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं अशा मूळ विषयांचे 16 घटक पूर्ण लागतात. एक विषय वर्षभर शिकला की एक घटक, असा हिशेब. त्यांत इंग्रजी चार वर्षांचं, गणित तीन वर्षांचं आणि विज्ञान दोन वर्षांचं हवं. या विषयांची सरासरी, म्हणजे जीपीए, चारपैकी किमान 2.3 लागते. दुसऱ्या श्रेणीत 2.2 चालते. शारीरिक शिक्षणाचे किंवा चित्रकलेचे गुण यात धरत नाहीत. एसएटीसारख्या प्रवेश परीक्षेची अट संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये काढून टाकली, पण एखादं विद्यापीठ स्वतःहून ती मागू शकतं.

आपल्या मुलांची खरी अडचण गणितात होते. दहावीनंतर गणित सोडून वाणिज्य किंवा कला शाखा घेणारी मुलं 'तीन वर्षं गणित' या अटीला अडखळू शकतात. म्हणून अकरावीचे विषय निवडतानाच एनसीएएच्या पात्रता केंद्राला विचारून घ्यावं. तुमच्या भाचीचं ते वळण मागे पडलं आहे. तिनं निदान नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका एका फाईलीत नीट लावून ठेवाव्यात. नववीची गुणपत्रिका शाळेकडून मिळवताना पालकांची सगळ्यात जास्त धावपळ होते.

प्रवेश मिळाला की दुसरा टप्पा. तिथे शिक्षण क्रेडिटमध्ये मोजतात. बहुतेक पदव्या साधारण 120 क्रेडिटच्या असतात. खेळाडूला प्रत्येक सत्रात पूर्णवेळ, म्हणजे सहसा किमान 12 क्रेडिट घ्यावी लागतात. विद्यार्थी व्हिसालाही पूर्णवेळ शिक्षणाचीच अट आहे, त्यामुळे परदेशी मुलीसाठी हा धागा दुहेरी आहे. दर सत्रात किमान सहा क्रेडिट उत्तीर्ण व्हायलाच हवीत आणि दुसरं वर्ष सुरू होण्याआधी 24. त्यापुढचा नियम 40-60-80 चा. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण हवा, चौथं सुरू होताना 60 आणि पाचवं सुरू होताना 80 टक्के. जोडीला सरासरीही वाढत जाते. पदवीसाठी 2.0 लागत असेल, तर दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी 1.8, तिसऱ्याच्या 1.9 आणि चौथ्याच्या पूर्ण 2.0.

हे आकडे कोरडे वाटतील, पण त्यांचा चिमटा कुठे बसतो ते बघा. समजा, तिनं दोन वर्षांत मेहनतीनं 54 क्रेडिट मिळवली. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिला मुख्य विषय जाहीर करावा लागतो आणि 40 टक्के म्हणजे 48 क्रेडिट त्या विषयाच्या पदवीला लागू पडणारी हवीत. तिच्या मनात संगणकशास्त्र असेल आणि आधी घेतलेल्यांपैकी 41 च त्या पदवीत धरली जात असतील, तर एकही विषय न राहता ती खेळायला अपात्र ठरते. अशा वेळी सोपा उपाय म्हणून 'समाजशास्त्र घे, त्यात सगळी बसतात' असं सुचवलं जाऊ शकतं. समाजशास्त्र उत्तमच विषय आहे, पण तो तिनं आवडीनं घ्यावा, वेळापत्रकानं घ्यायला लावू नये. एकेका संघातली निम्मी मुलं एकाच विषयाची दिसतात, त्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

प्रशिक्षकांना तिच्या गुणांची एवढी चिंता का, असंही वाटलं असेल. त्यांच्या संघाचंही प्रगतिपुस्तक असतं, त्याला एपीआर म्हणतात. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूचे दर सत्राला दोन गुण : ती पात्र राहिली तर एक, विद्यापीठात टिकली तर एक. संघात अशा आठ मुली असतील, तर वर्षाच्या दोन सत्रांचे मिळून 32 गुण होतात. मिळालेले गुण भागिले 32 गुणिले 1000 हा त्या वर्षाचा आकडा. चार वर्षांचा मिळून 930 च्या खाली गेला, तर संघाला हंगामाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश नाही. वर्षात दोन गुण गेले तर 938, तीन गेले तर 906. एका मुलीनं नापास होऊन मध्येच विद्यापीठ सोडलं, तर दोन गुण एका फटक्यात जातात. हा बडगा मोठ्यांवरही चालला आहे. कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ 2011 मध्ये राष्ट्रीय विजेता होता. याच आकड्यामुळे 2013 च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला खेळता आलं नाही. पुढच्याच वर्षी, 2014 मध्ये, तो पुन्हा विजेता झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न : अभ्यास कधी? नियम सांगतो, की हंगामात सराव आणि स्पर्धा मिळून दिवसाला चार आणि आठवड्याला 20 तासच. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. सरावासाठी तास बुडवता येत नाही, बाहेरगावच्या सामन्यासाठी बुडाला तर चालतं. पण सामन्याचा दिवस कितीही लांबला, तरी हिशेबात तीनच तास धरतात. बसचा, विमानाचा प्रवास धरत नाहीत. फिजिओकडे गेलेला वेळही धरत नाहीत.

एक गुरुवार डोळ्यांपुढे आणा. पहाटे व्यायामशाळा, मग दोन तास वर्गात, दुपारी सामन्याच्या गावाकडे बस. सत्राच्या सुरुवातीलाच तिनं प्रत्येक प्राध्यापकाला प्रवासाच्या तारखांचं पत्र दिलेलं असतं आणि बुडणाऱ्या चाचणीची दुसरी वेळ मागून घेतलेली असते. बसमध्ये मांडीवर लॅपटॉप, कानात ध्वनिमुद्रित व्याख्यान, शेजारच्या सीटवर झोपलेली सहखेळाडू. रात्री हॉटेलच्या खोलीत अर्थशास्त्राचा गृहपाठ बारा वाजण्याआधी पाठवायचा. शुक्रवारी सामना. पहिल्या सत्रातल्या मुलींना याशिवाय अभ्यासिकेत ठरावीक तास हजेरी द्यावी लागते, कारण बहुतेक संघांत नव्या मुलींना ती सक्तीची असते. पहिल्या श्रेणीत विद्यापीठानं शिकवणी आणि शैक्षणिक सल्लागार पुरवणं बंधनकारक आहे. ही मदत मागायला तिनं अजिबात संकोचू नये.

मदतीचीही एक सीमा आहे. शिकवणारा समजावून देईल, पण निबंध तिच्यासाठी लिहिणार नाही. ही रेघ पुसली की काय होतं, ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल संकुलात दिसलं. 1993 ते 2011 या काळात तिथल्या एका विभागात भरतच नसलेल्या वर्गांचे गुण वाटले गेले. 2014 च्या चौकशी अहवालानुसार 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. 2017 मध्ये एनसीएएनं सांगितलं, की हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, त्यामुळे आमच्या नियमात ही फसवणूक बसत नाही. म्हणजे मुलं 'पात्र' होती, पण शिकली नव्हती. मला या सगळ्या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते. नियम किमान पातळी राखतो. शिक्षण झालं की नाही, हे तो पाहू शकत नाही.

पण ज्यांनी दोन्ही मनापासून केलं, त्यांची उदाहरणंही समोर आहेत. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात शिकता शिकता 2007 आणि 2008 असा सलग दोनदा एनसीएएचा एकेरी विजेता झाला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला आणि मग व्यावसायिक टेनिसमध्ये उतरला. मॅनलीचं विद्यापीठ तेच. मायरन रोल या फ्लोरिडा स्टेटच्या फुटबॉलपटूनं नोव्हेंबर 2008 मध्ये दिवसा ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत दिली, ती मिळवली आणि विमानानं जाऊन त्याच संध्याकाळी चालू सामन्यात उतरला. आज तो मेंदूचा शल्यविशारद आहे.

पैशांचं चित्र आता बदलतं आहे. जून 2025 मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पण विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांना कमाईची बंधनं आहेत आणि हा पैसा मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो. तुमच्या भाचीपुरता जुना करारच खरा आहे : तिचा मोबदला म्हणजे तिची पदवी.

म्हणून होकार देण्याआधी प्रशिक्षकांना तीन गोष्टी जरूर विचारा. तुमच्या संघातल्या मुली कुठले विषय शिकतात? तिला हवा असलेल्या विषयाचे प्रयोगवर्ग सरावाच्या वेळेला आडवे येतात का, आणि आले तर कोण हलतं? दुखापत झाली तर शिष्यवृत्तीचं काय? मोघम उत्तरावर थांबू नका. शिष्यवृत्तीच्या अटी लेखी मागा.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांना नवी वाटेल. तिथल्या 1974 च्या कायद्यानं महाविद्यालयात गेलेल्या मुलाच्या गुणांवर हक्क त्याचा स्वतःचा असतो. तिनं लेखी संमती दिल्याशिवाय विद्यापीठ सहसा तुम्हाला गुणपत्रिका दाखवणार नाही. सामन्याचा निकाल तुम्हाला सांगलीत बसून पाच मिनिटांत मोबाईलवर कळेल. गुणांचं मात्र तीच सांगेल तेव्हा कळेल. तेव्हा रविवारी फोनवर स्कोअर विचारून झाला, की या आठवड्यात कुठला तास बुडाला आणि तो कसा भरून काढलास, हेही दर वेळी विचारत चला. तिकडचे सगळे नियम ती पात्र आहे का एवढंच तपासतील. ती शिकते आहे का, हे विचारणारं माणूस तिला घरचंच लागेल.