ओढ्याकाठी, वस्तीवर ताम्हण लावा



पाऊस तोंडावर आला की रोपांची विचारणा सुरू होते. बहुतेकांना गुलमोहर हवा असतो. फुलतो झकास, यात शंका नाही. पण हे झाड मूळचे मादागास्करचे. लाकूड ठिसूळ, मुळे वरच्यावर. वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, आणि पडलेल्या झाडाचे जळणच होते. फूल आणि लाकूड दोन्ही हवे असेल तर आम्ही ताम्हण सुचवतो.

ताम्हण हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल. कोकणात व सह्याद्रीत ओढ्या-नाल्यांच्या काठी ते आपोआप वाढते. एप्रिल ते जून फांद्यांच्या टोकांना जांभळ्या फुलांचे तुरे येतात. पाकळ्या सहा, कडेला चुणीदार. आसाम-बंगालकडे याच झाडाला जारूल म्हणतात. लाकूड तांबूस, कठीण आणि पाण्यात टिकणारे. म्हणून होड्या, गाड्या व घरबांधणीसाठी त्याला मान आहे. मात्र लाकूड मिळायला बरीच वर्षे लागतात; ते मुला-नातवाच्या कामी यायचे. फुलं आपल्याच डोळ्यांनी बघायला मिळतात.

जागा कोणती निवडावी?

१) ओढ्याचा काठ, विहिरीजवळची ओलसर जागा, वस्तीचा रस्ता, शाळेचे आवार या जागा उत्तम. पाणी नसलेल्या मुरमाड माळावर हे झाड लावू नये.

२) उसाला सावली चालत नाही. सावलीतला ऊस बारीक राहतो, फुटवे कमी येतात. म्हणून उसाच्या दक्षिण बांधावर झाड नको. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेला पडते. उत्तर बांधावर लावले तर आपला ऊस वाचतो, पण सावली शेजाऱ्याच्या रानात जाते. तेव्हा त्याला आधी विचारावे. बांधावरून भाऊबंदकीत कोर्टकचेऱ्या होतात, त्यात झाडाची भर नको.

लागवड अशी करावी: उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन तापू द्यावेत. दोन झाडांत पंधरा फूट तरी अंतर ठेवावे. वरची माती व दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा. चांगला पाऊस झाल्यावर वर्षाचे जोमदार रोप लावून काठीचा आधार द्यावा. शेळ्या-गुरांपासून काटेरी कुंपण करावे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. सरळ खोड हवे असेल तर खालच्या फांद्या लहान असतानाच छाटाव्यात.

आता मुख्य गोष्ट. झाड लावणारा आणि पाचट पेटवणारा एकच माणूस असेल, तर झाड जगायचे कसे? तोडणीनंतर काडी लावली की आग बांधावर जाते आणि दोन-तीन वर्षे जपलेले रोप घटकाभरात होरपळते. शिवाय पाचटातले सेंद्रिय द्रव्य व नत्र जळून जाते ते वेगळेच. पाचट एका आड एक सरीत दाबून ठेवावे. जमिनीत ओल टिकते, तण कमी होते, आणि बांधावरचे झाडही वाचते.

आमची विनंती एवढीच की, यंदा प्रत्येक सभासदाने दोनच रोपे लावावीत, पण ती जगवावीत. शंभर लावून विसरण्यापेक्षा ते बरे.

— ऊस विकास अधिकारी