शेजारचा रंग

चि. मुक्ता हिस,


ससून डॉकच्या तुझ्या चित्रांचे फोटो मिळाले. कोळणींची लुगडी, टोपल्या, ओल्या फरशीवर पडलेलं सकाळचं ऊन, सगळं तू हौसेनं रंगवलंयस. पत्रात मात्र सहज लिहून गेलीस की, पाठवण्याआधी फोनवर रंग जरा वाढवले. त्या एका ओळीमुळे आज एवढं मोठं लिहायला बसलो आहे.

कुणीतरी चित्रं भडक म्हणालं, म्हणून पुढची मालिका मातकट रंगांत करावी का, असं तू विचारतेस. मुळीच करू नकोस. तुझं रंगांवरचं प्रेम खरं आहे, ते कुणाच्या एका शब्दासाठी आवरू नये. चित्रात एकाही रंगाला उसंत नाही, म्हणून ती भडक वाटतात. आणि त्यावरचा उपाय रंग मंद करणं हा नसून त्यांचा शेजार बदलणं हा आहे.

पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत १८२४ साली शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख झाला. तिथं तक्रार होती की, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेली काळी लोकर फिकी दिसते. त्यानं ती इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. काळा चोख होता. शेजारचे रंग त्याचा जोर काढून घेत होते. या एका शोधावर त्यानं १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. पुढं कलाशिक्षक योझेफ अल्बर्स यांनी नुसत्या रंगीत कागदांवर विद्यार्थ्यांची नजर तयार केली. तूही करून बघ. एकाच करड्या कागदाचे दोन चौकोन काप, एक गडद पिवळ्यावर ठेव, दुसरा निळ्यावर. पहिला निळसर-जांभळट दिसेल, दुसऱ्यात पिवळट ऊब येईल. माहीत असूनही ते एक आहेत यावर विश्वास बसणार नाही. डोळा एकटा रंग बघतच नाही, शेजाऱ्यासकट बघतो.

आता तुझं पापलेट घे. ते तू काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणानं रंगवलंस, म्हणून ते मेलेलं दिसतं आणि बाजूचं नारिंगी लुगडं ओरडतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा कर, कुठं थंड, कुठं उबदार ठेव. नारिंगीजवळ तो आपोआप निळसर होईल, मासा चमकेल, आणि लुगड्याला हात न लावता तेही जागेवर बसेल. चित्रातली अर्धीअधिक जागा अशा करड्यांना द्यायची तुझी तयारी हवी.

आईची धूपछाव पैठणी आहे ना, ती एकदा खिडकीशी उलगडून बस. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा. चुणी हलली की रंग बदलतो. तो बदलता रंग ना ताण्यात आहे ना बाण्यात. आणखी एक: दिवेलागणीला गॅलरीत दिवा न लावता जास्वंदीकडे बघत राहा. दुपारी पानांपेक्षा झगझगीत असलेलं लाल फूल आधी काळवंडेल, पानं त्याच्यापेक्षा उजळ वाटू लागतील. कमी उजेडात डोळ्यातल्या दुसऱ्या पेशी काम करू लागतात, त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही. ससून डॉकला तू पहाटे जातेस. मग तिथली लाल टोपली अंधारातही तुझ्या कागदावर इतकी लालभडक कशी? ती तू पाहिली नाहीस, लाल आहे हे ठाऊक होतं म्हणून रंगवलीस.

बाजार कुरूप आहे, रंगांनी तो सुंदर करावा लागतो, असं तू लिहिलंस. हे मला पटत नाही. बर्फाच्या पाण्यात पडलेलं निळ्या ताडपत्रीचं प्रतिबिंब तुला अजून दिसलेलं नाही, एवढंच.

रंग वाढवले की काय होतं, ते अजिंठ्यात बघायला मिळतं. तुझ्याच जे.जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं तिथल्या भिंतींच्या नकला केल्या. काम मोठं निष्ठेचं होतं. पण मूळ चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निशही फासलं गेलं, आणि तेच पुढं पिवळं-तपकिरी पडून चित्रांना मारक ठरलं. अजिंठ्याच्या त्या जुन्या चित्रकारांजवळ होतं तरी काय? गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि आजच्या अफगाणिस्तानाकडून आलेल्या दगडाचा निळा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढं उभी राहिलीस की तो गेरू किती रंगांचं काम करतो ते कळेल.

दिवाळीच्या सुट्टीत आपण जाऊ. जलरंगांची लहान पेटी घे, सहाच रंग ठेव. आणि सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून तिकिटं काढ.

तुझा,
मामा