चिंचोके ने वर्गात

अगं, धडगावला रुजू झालीस आणि लगेच नववीचा आनुवंशिकतेचा धडा आला, म्हणून आजच लिहितेय. सिकलसेलचं पान घाईत उरकू नकोस. शहरातल्या पोरांना तो परीक्षेतला प्रश्न असतो. तुझ्या आदिवासी भागातल्या वर्गात तो कुणाच्या तरी घरातच असतो.

माझ्या पहिल्या वर्षी मी सरळ विचारलं होतं, "कुणाकुणाच्या घरी सिकलसेल आहे? हात वर करा." तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने भाबडेपणाने हात वर केला. दुसऱ्या दिवशी तिची शेजारीण दप्तर उचलून मागच्या बाकावर गेली होती. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही हे मी नंतर दहादा सांगितलं गं, पण ती रिकामी जागा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा वर्गात कुणाचाही रिपोर्ट विचारायचा नाही. चिंचोके ने. दोन डब्यांत दोन-दोन. एक कोरा, एकाला चुन्याचा ठिपका; ठिपका म्हणजे सिकलसेलचं जनुक. एक डबा आईचा, एक बाबांचा. दोघंही वाहक, म्हणजे एएस, आणि दोघंही ठणठणीत. पोरांना न बघता दोन्हींतून एकेक उचलू दे, फळ्यावर मांडू दे, आणि चिंचोके परत डब्यांत टाकायला लाव. ते परत टाकणंच महत्त्वाचं. पहिलं मूल एसएस, म्हणजे दोन्ही ठिपक्यांचं, आजारी निघालं की पुढची तीन सुटली, असं भलेभले शिकलेले लोकही समजतात. दर खेपेला तीच २५ टक्के शक्यता, हे त्यांच्या हातांना कळू दे. मग विचार, ठिपका दोन्ही डब्यांत होता ना? मग घरी बोल एकट्या आईलाच का?

कुणीतरी म्हणेलच, "मॅडम, हा आदिवासींचाच रोग ना?" तिथे मात्र थांब. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येसुद्धा. यात कुठल्या जमातीचा दोष?

२०२३ मध्ये सरकारी मोहिमेत आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी सुरू झाली, त्यामुळे मुली लग्नाचं विचारतातच. वाहक मुलीचं लग्न खुशाल होतं, फक्त मुलाचाही रिपोर्ट बघायचा, एवढं ठामपणे सांग. मुलगा एए, म्हणजे बिनठिपक्याचा, असेल तर त्यांचं मूल एसएस होत नाही.

मधल्या सुट्टीत एखादी रिपोर्टचा कागद घेऊन दाराशी रेंगाळेल. तिला आत बोलाव. कागद तिच्याच हातात राहू दे, तू शेजारी बसून वाच.