रुपया खरा, वर्णन खोटे



गेल्या वर्षी १५ ऑगस्टच्या प्रदर्शनात स्वातंत्र्याच्या सालचा, म्हणजे १९४७ चा रुपया ठेवायचा, असे सातवीच्या मुलांनी ठरवले. खाऊच्या पैशांतून त्यांनी १,८०० रुपये जमवले. एका ऑनलाइन लिलावात आम्हाला नाणे दिसले. वर्णन होते : "जॉर्ज सहावा, मागे वाघ, १९४७, अस्सल चांदी." आमच्या स्वतःच्या खात्यावरून आम्ही बोली लावली. शेवटच्या दोन मिनिटांत ती तीनदा वाढवली आणि नाणे १,७५० रुपयांना मिळाले.

पाकीट वर्गातच उघडले. प्रयोगशाळेच्या तराजूवर वजन भरले सुमारे ११.६ ग्रॅम. जुना चांदीचा रुपयाही ११.६६ ग्रॅमचाच असे. आम्ही खूश झालो. तेवढ्यात एका मुलीने लोहचुंबक जवळ नेला, तर रुपया टपकन चिकटला!

चांदी चुंबकाला चिकटत नाही, निकेल चिकटते. मग ग्रंथालयातली पुस्तके काढली. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, ती ५० टक्क्यांवर आली. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचाच निघाला होता. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, म्हणून नाण्यांतून चांदी गेली. वजन मात्र तेच ठेवले होते. तेव्हा आमचे नाणे नकली नव्हते; त्याचे वर्णन चुकीचे होते. (लक्षात ठेवा, नाणे चुंबकाला चिकटले नाही म्हणजे ते चांदीचेच, असे नाही. तांबे आणि शिसेही चिकटत नाही.)

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. राग आला की लेखणी हिंदीत धावते. विक्रेत्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात "ठग" हा शब्द दोनदा आला होता. विज्ञानाच्या बाईंनी ते वाचून विचारले, "सर, नाणे निकेलचे आहे हे आपल्याला माहीत आहे. तो ठग आहे, हे माहीत आहे का?" आम्ही पत्र फाडले.

दुसरे पत्र मुलांसमोर लिहिले. त्यात चारच गोष्टी होत्या : लिलावाचा क्रमांक व तारीख, वर्णनातले त्याचेच शब्द, आम्हाला काय आढळले, चुंबकाच्या फोटोसह, आणि आमची मागणी, म्हणजे नाणे परत घ्यावे व पूर्ण पैसे द्यावेत. वर्णनाचे पान बदलण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवला होता. तो फार कामी आला.

उत्तर आले, "विकलेला माल परत घेत नाही." आम्ही तेच पत्र त्या संकेतस्थळाच्या तक्रार विभागात दिले. दोन दिवसांनी विक्रेता म्हणाला, "५०० रुपये परत देतो, नाणे ठेवा आणि शेरा चांगला द्या." आमचे एक सहकारी म्हणाले, "घ्या ते. नाणे त्याच वर्णनाने पुढे विकून टाकू, नुकसान भरून निघेल." मुले आमच्या तोंडाकडे पाहत होती. खरे सांगतो, क्षणभर मोह झाला. पण ज्या वाक्याने आपण फसलो तेच वाक्य आपण लिहायचे, तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? आम्ही दोन्ही गोष्टींना नकार दिला.

पालकांनी कायदाही जाणून घ्यावा. वस्तू वर्णनाप्रमाणेच असावी, ही अट १९३० च्या मालविक्री कायद्यातच आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू जाहिरातीप्रमाणे नसेल तर व्यावसायिक विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी व एक महिन्यात निवारण करावे. घरातली जुनी वस्तू क्वचित विकणाऱ्या खासगी माणसाला हे नियम लागू नाहीत. १९३० चा कायदा मात्र त्यालाही लागू आहे. तरीही न मिटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यापुढे आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही.

आम्हाला तिथवर जावे लागले नाही. विक्रेत्याचा फोन आला. नाणे वडिलांच्या पेटीतले होते आणि ते चांदीचे असल्याचे त्याने घरात लहानपणापासून ऐकले होते. आम्ही नाणे स्पीड पोस्टाने पाठवले, पावती जपली; नवव्या दिवशी १,७५० रुपये जमा झाले. पुढच्या वेळी त्याने वर्णनात "निकेल" लिहिले, हे मुलांनीच शोधून दाखवले. शेऱ्यात आम्ही घडले तेवढेच लिहिले.

चूक आमचीही होती. चुंबकानंतर जे पुस्तक उघडले, ते बोलीच्या आधी उघडायला हवे होते.

पुढे इंदूरच्याच एका नाणे-विक्रेत्याकडून तसाच रुपया १५० रुपयांना घेतला. उरलेले १,६५० रुपये मुलांना परत केले. हिशेब विश्वस्तांकडे दिला आहे. रुपया आता ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात आहे. त्याखालची चिठ्ठी मुलांनी लिहिली आहे : "एक रुपया, १९४७. धातू : निकेल." शेजारी दोऱ्याला लोहचुंबक बांधला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी स्वतः लावून पाहावा.