देवघेव नोंदवहीत नसलेला वाचक

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि गावोगावच्या ग्रंथालयांच्या मान्यतेला व अनुदानाला कायद्याचे अधिष्ठान लाभले. अनुदानाबरोबर हिशेबही आला. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासदांची यादी, वार्षिक अहवाल हे सारे तपासणीच्या वेळी पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि रिकाम्या हाताने परत गेलेल्या वाचकाची नोंद यांपैकी एकाही वहीत होत नाही.

प्रस्तुत लेखकाने तालुक्याच्या गावी ग्रंथपाल म्हणून अनेक वर्षे काम केले. एका पावसाळ्यात दहावीचा एक विद्यार्थी भिजून फुगलेले पुस्तक घेऊन आला. नियमानुसार किंमत भरणे आवश्यक होते. ती रक्कम त्याला सांगितली. परंतु वर्तमानपत्रे वाचीत बसलेल्या आठ-दहा मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात. मुलाने मान खाली घातली व तो निघून गेला. त्या दिवशीच्या नोंदवहीत ‘पुस्तक खराब, वसुली बाकी’ एवढेच लिहिले गेले. पुढे दोन महिन्यांनी त्याच्या शिक्षकांकडून कळले की, घराचे छप्पर गळत होते, आणि घरच्या वस्तूंच्या आधी त्याने ते पुस्तक उचलून उतरंडीवर ठेवले होते. नेमकी तीच जागा गळली. नियम चुकीचा नव्हता. चुकला तो आवाज, आणि ‘हे कसे झाले?’ हा न विचारलेला प्रश्न.

मुलाला निरोप पाठविला, पण तो आला नाही. तेव्हापासून ग्रंथालय बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे एका साध्या वहीत लिहिण्याचा परिपाठ ठेवला. आज कोण काय मागावयास आले, काय देता आले नाही, आपण काय बोललो आणि ते निराळे कसे बोलता आले असते, एवढेच त्यात असे. आरंभी ही वही म्हणजे स्वतःच्या समर्थनाची कैफियतच झाली होती, हे कबूल केले पाहिजे. सुमारे महिन्याभराने मागील पाने वाचली, तेव्हा काही गोष्टी ध्यानात आल्या. स्त्रिया बहुधा दुपारी येत, आणि नेमके तेव्हाच ग्रंथालय बंद असे. सात-बारा उताऱ्यातील फेरफार कसा समजून घ्यावा, याविषयी तीन निरनिराळ्या शेतकऱ्यांनी विचारणा केली होती; तिघांनाही ‘तलाठ्याकडे जा’ हेच उत्तर मिळाले होते. क्षयरोगावरील पुस्तक मागणाऱ्या गृहस्थाला ‘कोणाला झाला आहे?’ असे सहज विचारले गेले होते. वाचक काय वाचतो व का वाचतो, ही त्याची खाजगी बाब होय. चौकशी म्हणजे आस्था नव्हे, हे त्या पानावरून शिकावे लागले.

करुणेचाही घोटाळा होतो. एका वयोवृद्ध, प्रतिष्ठित सभासदांकडे एक चरित्रग्रंथ सात महिने राहिला होता. वयाचा मान म्हणून तो मागितला नाही. त्याच ग्रंथासाठी एक शिक्षिका चार वेळा येऊन गेल्याचे वहीत आढळले. जिला आपण दया समजत होतो, ती वस्तुतः भीड होती. मग घरी जाऊन ग्रंथ मागितला. त्यांनी तो तत्काळ दिला, वर चहाही पाजला!

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर ते काम त्यांना प्रारंभी इतके नीरस वाटले की, ते अध्यापनाकडे परतण्याच्या विचारात होते. इंग्लंडमधील ग्रंथालये पाहिल्यावर त्यांची दृष्टी पालटली. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पंचसूत्रांत वाचकाचा वेळ वाचविण्याचेही एक सूत्र आहे. चार वेळा हेलपाटा घालणारी शिक्षिका डोळ्यांसमोर आणली, म्हणजे त्या सूत्राचा अर्थ वर्गीकरणाच्या पुस्तकाबाहेरही किती पसरलेला आहे, हे उमगते.

येथे ग्रंथपालाचीही बाजू पाहिली पाहिजे. लहान ग्रंथालयात कुलूप उघडणे, झाडलोट, वर्गणीची वसुली आणि अनुदानाचा प्रस्ताव ही सारी कामे बहुधा एकाच माणसाकडे असतात. दिवसभराच्या अशा कामानंतर त्याचा आवाज चढला, तर तो केवळ त्याच्या स्वभावाचा दोष नसतो. म्हणूनच ही वही एकट्याची राहू नये. आमच्या कार्यकारी मंडळापुढे वाचकांची नावे वगळून तिच्यातील चार पाने वाचून दाखविली. सदस्यांपैकी एक ग्रामपंचायतीचे पंच होते. त्यांनी प्रथमच विचारले, ‘दुपारी कोण बसेल?’ बऱ्याच चर्चेनंतर आठवड्यातून दोन दुपारी ग्रंथालय उघडे ठेवण्याचे, त्यासाठी एका निवृत्त शिक्षकांना विनंती करण्याचे आणि भरपाईची रक्कम हप्त्यांनी घेण्याचे ठरले. भरपाईविषयीचे बोलणे यापुढे कपाटांच्या आडोशाला, एकट्या वाचकाशी करावे, हेही इतिवृत्तात लिहिले गेले.